रानवाटेवरून प्रयोगशाळेकडे : आदिवासी विद्यार्थी आणि पर्यावरणविज्ञान

(आदिवासीबहुल तालुक्यांतून पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आयोजित केलेल्या सेतू वर्गाच्या प्रारंभी, विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



पर्यावरणविज्ञान हा विषय मी जवळजवळ तीस वर्षे शिकवला. या काळात माझ्या हातून झालेल्या ज्या चुकीची मला सर्वाधिक खंत वाटते, तिच्यापासूनच आजच्या विवेचनाचा आरंभ करतो.

अध्यापनाच्या सुरुवातीच्या वर्षांतील ही गोष्ट. महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एका तासात परिसरातील वृक्षांची नोंद करावयाची होती. बहुतेक विद्यार्थी आठ-दहा नावांवर थांबले. भामरागडकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र तीसहून अधिक वृक्ष नोंदवले. पाने नसलेल्या झाडाची साल नखाने खरवडून, तिचा वास घेऊन तो झाड ओळखत होता. परंतु त्याची सारी नावे माडिया भाषेतील होती. मी उत्तरपत्रिकेवर ‘शास्त्रीय नावे नाहीत’ असा शेरा मारला आणि शून्य गुण दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. केवळ त्या शून्यामुळे तो गेला असे मी म्हणणार नाही. त्याची शिष्यवृत्ती आलेली नव्हती, खाणावळीचे पैसे थकले होते, हे पुढे कळले. तथापि महाविद्यालयाने त्याला शेवटचे जे काही सांगितले ते एक शून्य होते, ही वस्तुस्थिती उरतेच.

आज ज्या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत, तो या एका प्रसंगात सामावलेला आहे. विद्यार्थ्याजवळ जे आहे ते महाविद्यालयाला ओळखता येत नाही, आणि त्याच्याजवळ जे नाही ते महाविद्यालय शिकवत नाही, कारण ते त्याला येतच असावे असे गृहीत धरलेले असते.

प्रथम या प्रश्नाची व्याप्ती पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४० लाखांहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. साक्षरतेचे प्रमाण देशात सुमारे ७३ टक्के, तर अनुसूचित जमातींमध्ये सुमारे ५९ टक्के होते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ मध्ये १८ ते २३ या वयोगटातील स्थूल नोंदणी प्रमाण सर्वांसाठी २८.४, तर अनुसूचित जमातींसाठी २१.२ इतके आढळले. २०१४-१५ मध्ये सुमारे १६ लाख ४० हजार आदिवासी विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, ती संख्या २०२१-२२ मध्ये २७ लाखांवर गेली. ही वाढ निश्चितच समाधानकारक आहे. मात्र नोंदणी म्हणजे प्रवेश, प्रवेश म्हणजे पदवी नव्हे, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आकडे पाठ करताना ध्यानात ठेवावे.

विज्ञानाच्या बाबतीत वाट आणखी आधी अरुंद होते. अनेक दुर्गम तालुक्यांत अकरावी-बारावीला केवळ कला शाखा असते. गणित व रसायनशास्त्र शिकवणारे शिक्षक त्या भागात टिकत नाहीत. त्यामुळे ज्या मुलीचे बालपण ओढ्याकाठी गेले, तिला पर्यावरणविज्ञानाच्या पदवीला अर्जच करता येत नाही, कारण बारावीला विज्ञान नाही. ज्यांच्याकडे विज्ञान असते, त्यांच्यापुढे भाषेची अडचण उभी राहते. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक, तर भिली व तिच्या बोलींची एक कोटीहून अधिक होती. पण या दोन्ही भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान नाही. संथाळी व बोडो यांना ते २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने मिळाले. घटनेच्या अनुच्छेद ३५० क नुसार प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी निर्माण करणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पुष्कळ आदिवासी मुले घरी एक भाषा बोलतात, शाळेत दुसरीत शिकतात आणि महाविद्यालयात तिसरीत परीक्षा देतात.

येथे प्राध्यापक मित्रांना एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. वर सांगितलेली कथा ऐकून ‘आदिवासी विद्यार्थी म्हणजे जन्मजात निसर्गतज्ज्ञ’ असा समज करून घेऊ नका. आश्रमशाळेत पहिलीपासून राहिलेले मूल वर्षातील बहुतेक महिने घरापासून दूर असते. मोह वेचण्याच्या, तेंदूपाने तोडण्याच्या हंगामात घरात जे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते, त्या काळात ते बऱ्याचदा शाळेच्या आवारात असते. अशा विद्यार्थ्याला वर्गात उभे करून ‘तू सांग, तुझ्या जंगलात काय असते’ असे विचारणे म्हणजे त्याच्या दुहेरी नुकसानीवर बोट ठेवणे होय. शिवाय एखाद्या कोरकू किंवा वारली मुलीला वनस्पतींऐवजी शहरातील हवेच्या प्रदूषणाचे रसायनशास्त्र आवडू शकते. तिने जंगलावरच प्रबंध लिहावा, ही अपेक्षाही एक प्रकारचे बंधनच आहे.

आता सेतू वर्गात नेमके काय करावे, याकडे वळतो.

माझा अनुभव असा की सुरुवात वहीपासून करावी. प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत : मातृभाषेतील नाव, मराठीतील नाव, शास्त्रीय नाव आणि स्वतःचे निरीक्षण. शास्त्रीय नाव श्रेष्ठ म्हणून लिहावयाचे नाही, ते सामाईक आहे म्हणून लिहावयाचे. ज्या वृक्षाला आपण मोह म्हणतो त्याला हिंदीत महुआ, ओडियात महुला, तेलुगूत इप्प आणि तमिळमध्ये इलुप्पै म्हणतात. या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी ‘मधुका लाँगिफोलिया’ हे नाव आहे. एकदा हे समजले की लॅटिन नावांची धास्ती कमी होते. भामरागडच्या त्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले असते तर त्याची यादी वर्गातील सर्वोत्तम ठरली असती. अपुरा होता तो माझा रकाना.

दुसरी पायरी मोजमापाची. पर्यावरणविज्ञानात विद्यार्थी अडखळतो तो झाडांपाशी नव्हे, संख्याशास्त्रापाशी. म्हणून गणित पुस्तकातून न शिकवता जमिनीवर शिकवावे. दहा मीटर बाजूचा चौकोन, ज्याला परिस्थितिकीत क्वाड्रॅट म्हणतात, तो शंभर चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग असतो. असे दहा चौकोन आखले आणि त्यांत मिळून ऐनाची २४ झाडे आढळली, तर दर चौकोनी सरासरी २.४, म्हणजे हेक्टरी घनता २४०. दहांपैकी सात चौकोनांत ऐन दिसला तर त्याची वारंवारता ७० टक्के. घनता व वारंवारता यांतील हा भेद परीक्षेत नेहमी विचारला जातो आणि नेहमी चुकतो. जंगलात दोरी धरून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचा तो सहसा चुकत नाही, कारण एकाच कोपऱ्यात दाटीने उगवलेली झाडे आणि सर्वत्र विखुरलेली झाडे यांतील फरक त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

पाण्याचे गणितही असेच. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या जंगलावर पडणारा एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी ८० लाख लिटर पाणी. यांतील किती मुरले, किती वाहून गेले आणि वाहताना किती माती घेऊन गेले, या प्रश्नांतून जलविज्ञान सुरू होते. विद्यार्थ्याला हे आपल्या गावाच्या क्षेत्रफळावर करून पाहू द्यावे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ती पाठ्यपुस्तकाविषयी आहे. ‘फिरती शेती हे वनविनाशाचे कारण’ हे वाक्य आपण सर्वांनी कधीतरी लिहून गुण मिळवलेले आहेत. ज्याचे आजोबा मेघालयात झूम शेती करीत होते, त्या विद्यार्थ्याने हे वाक्य पाठ करताना काय करावे? सुदैवाने येथे विज्ञानच मदतीला येते. शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठात प्रा. पी. एस. रामकृष्णन यांनी झूम पद्धतीचा प्रदीर्घ अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यापूर्वी ती दीर्घकाळ पडीक राहत असेल तर तिची सुपीकता भरून निघते. लोकसंख्येच्या व जमिनीच्या ताणामुळे हे चक्र चार-पाच वर्षांवर आले की ऱ्हास सुरू होतो. याचा अर्थ झूम निर्दोष आहे असा नव्हे, आणि ती मुळातच विनाशकारी आहे असाही नव्हे. चक्राची लांबी हा त्यातील निर्णायक घटक आहे. उत्तरपत्रिकेत हे दोन वाक्यांत लिहिता येते, आणि लिहिणाऱ्याला आजोबांची लाजही वाटत नाही.

ईशान्येचा उल्लेख आलाच आहे, तर एवढे नमूद करतो की तेथील परिस्थिती मध्य भारताहून फार निराळी आहे. मिझोरममध्ये आदिवासींमधील साक्षरता ९० टक्क्यांहून अधिक आहे आणि इंग्रजी तेथील विद्यार्थ्यांना परकी वाटत नाही. सातशेहून अधिक अनुसूचित जमातींसाठी एकच सेतू वर्ग दिल्लीत बसून आखता येणार नाही.

परंपरागत ज्ञान अभ्यासक्रमात आणावे असे सध्या सर्वजण म्हणतात. ते कसे आणावे, याचे एक उदाहरण देतो. गोंड-माडिया समाजात नवे फळ, नवे फूल, नवे धान्य पंडुम हा विधी झाल्याशिवाय खात नाहीत. मरका पंडुम हा आंब्याचा सण बस्तरमध्ये प्रसिद्ध आहे. मागे एका वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पंडुम होईपर्यंत आम्ही फळ तोडत नाही म्हणून जंगल टिकते का?” हा प्रश्न ऐकून ‘वा, किती थोर परंपरा’ म्हणणे सोपे होते, आणि ‘ही श्रद्धा आहे, विज्ञान नव्हे’ म्हणणे त्याहून सोपे होते. आम्ही दोन्ही टाळले. चारोळीचे झाड निवडले, कारण चारोळीला बाजारभाव चांगला असल्याने स्पर्धेपोटी फळे कच्चीच ओरबाडली जातात आणि बी पक्व होऊन जमिनीवर पडत नाही, ही तक्रार मध्य भारतात सर्वत्र ऐकू येते. मग प्रश्न असा मांडला : जेथे तोडणीचा काळ पाळला जातो आणि जेथे पाळला जात नाही, अशा दोन ठिकाणी चारोळीच्या रोपट्यांच्या संख्येत फरक आहे काय? आता हा प्रश्न तपासण्याजोगा झाला. दोन्हीकडची माती, चराई व वणव्यांचा इतिहास सारखा आहे की नाही, हे पाहणे आले. आणि उत्तर ‘फरक नाही’ असेही येऊ शकते, ही शक्यता तिने आधीच स्वीकारणे आले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग आजीला काय सांगू?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. आजही पूर्णपणे नाही. परंतु महाविद्यालयात ज्ञान मिळवण्याची किंमत काही विद्यार्थ्यांना अशी घरात मोजावी लागते, याची जाणीव शिकवणाऱ्याला असली पाहिजे.

हे ज्ञान कोणाच्या नावावर जमा होते, हाही प्रश्न येथेच उपस्थित होतो. १९८७ मध्ये केरळातील अगस्त्यमलाईच्या डोंगरात फिरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तुकडीला सोबतचे काणी वाटाडे एका वनस्पतीची फळे खाऊन थकवा घालवताना दिसले. ती वनस्पती आरोग्यपच्चा, म्हणजे ट्रायकोपस झेलॅनिकस. तिच्यावर संशोधन करून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले आणि त्याच्या परवाना शुल्कातील व स्वामित्वधनातील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यास स्थापन झाला. लाभाच्या वाटणीचे हे जगातील आरंभीचे उदाहरण मानले जाते आणि ते अभिमानास्पद आहेच. जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये हेच तत्त्व कायद्यात आले. पण त्या तुकडीतील भूमिका पुन्हा एकदा पाहा : एका बाजूला शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला वाटाडे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणीतरी पहिल्या बाजूला असावे, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

त्याची निकड कायद्यांनी वाढवली आहे. पेसा अधिनियम, १९९६ आणि वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ यांनी ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या कायद्यातील कलम ३(१)(झ) हे सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. एप्रिल २०११ मध्ये मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार प्रत्यक्ष हाती मिळाले. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि डोंगरिया कोंध व इतरांच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पण हक्क मिळाल्यानंतर व्यवस्थापन आराखडा लिहावा लागतो. बांबू किती वर्षांनी, किती तोडावा हे ठरवावे लागते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते, तेव्हा शेकडो पानांचा अहवाल वाचावा लागतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो, परंतु भूजलपातळीचे तक्ते व हवेच्या नमुन्यांचे आकडे मूळ अहवालात असतात. गावात तो वाचू शकणारा एकही पदवीधर नसेल तर ग्रामसभा बाहेरच्या तज्ज्ञावर विसंबते. बाहेरचा तज्ज्ञ प्रामाणिक असेलही, पण संध्याकाळच्या गाडीने तो परत जातो.

शासनाच्या योजनांची यादी येथे सविस्तर देत नाही, परीक्षेच्या दृष्टीने ती आपणास ठाऊक असेलच. १९९७-९८ पासून एकलव्य आदर्श निवासी शाळा, २००५-०६ पासून उच्च संशोधनासाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, २००७ च्या कायद्याने अमरकंटक येथे स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ, २०११ मध्ये गडचिरोलीत सुरू झालेले गोंडवाना विद्यापीठ ही त्यांतील ठळक नावे. अमेरिकेत नवाहो जमातीने स्वतःच्या नियंत्रणाखालील पहिले महाविद्यालय १९६८ मध्ये काढले, तेही या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे.

मला अधिक बोलायचे आहे ते वेळेविषयी. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती सप्टेंबरमध्ये हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर दोन महिन्यांनी लागली, तर ते दोन महिने विद्यार्थ्याने कोठे राहावे? वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या खात्यात भोजन-निवासाचा खर्च जमा करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना महाराष्ट्राने २०१६ मध्ये सुरू केली. कल्पना योग्य आहे, आणि तिचे यश रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या महिन्यात जमा होते यावर अवलंबून आहे. जात वैधता प्रमाणपत्राचेही तसेच. मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक पाहण्यासाठी टेकडी चढणारी मुले मी पाहिली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकावर केवळ हीच जबाबदारी सोपवली आणि त्याचा तेवढा तास वेळापत्रकात मोजला, तर दिवाळीनंतर न परतणाऱ्यांची संख्या घटेल, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळी सत्राची परीक्षा तेंदूच्या हंगामात येते. त्या पंधरवड्यात घरची वर्षाची रोकड कमाई होत असते. परीक्षेचे दिवस ठरवताना विद्यापीठांनी लग्नसराई आणि निवडणुका यांचा विचार केला आहे, तेंदूचाही करून पाहावा.

पर्यावरण विषय आज सर्वच पदवीधरांना शिकावा लागतो. २२ नोव्हेंबर १९९१ च्या एम. सी. मेहता प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांतून ही सक्ती पुढे आली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात क्षेत्रकार्य आहे, पण बहुतेक ठिकाणी ते संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रकल्पवहीत संपते. येथे मात्र तसे होणार नाही.

उद्या सकाळी सात वाजता आपण टेकडीवर जाणार आहोत. प्रत्येक गटासाठी चाळीस मीटर दोरी, चार खुंट्या आणि चार रकान्यांची वही ठेवली आहे. पहिल्या रकान्यात आपापल्या भाषेतील नाव लिहावे. ज्यांना ते आठवणार नाही त्यांनी तो रकाना रिकामा ठेवावा आणि दिवाळीत घरी गेल्यावर विचारून भरावा, त्याचे गुण दिवाळीनंतर दिले जातील. प्राध्यापकांनाही वही मिळेल.